मिनतीपिशीचा पाणघोडा

मिनतीपिशीने पाणघोडा कधी धड पाहिलाच नव्हता. दर हिवाळ्यात आमचं सगळं घर कोलकात्याच्या चिडियाखान्यात जायचं, आणि दर हिवाळ्यात तिला पाण्यावर दोन नाकपुड्या तेवढ्या दिसायच्या.

पिशी म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि घरी आली की आम्हा सगळ्यांचं करायची. लहानपणी कुठल्याशा पुस्तकात तिने आ वासलेल्या पाणघोड्याचं चित्र पाहिलं होतं, ते तिच्या मनातून गेलं नाही. "एवढं मोठं तोंड उघडायचं, आणि कुणाला विचारायचंसुद्धा नाही!" ती कौतुकाने म्हणायची. वाघापाशी माणसांची रेटारेटी चाललेली असायची तेव्हा ही बया हिरव्या डबक्याशी उभी.

बाबांना तर आयतंच फावायचं. "अगं, तो कधीच मेला. दगड ठेवलाय तिथे."

"असू दे दगड. तोंड उघडेल ना, तेव्हा बघ."

त्या वर्षी तिचे गुडघे पार धरले होते. "हे शेवटचंच गं. पुढच्या थंडीत एवढं चालवणार नाही," असं तिने बसमध्ये मला सांगितलं, तेव्हा मला रडूच आलं. सकाळी जाऊन पाहिलं तर पुन्हा त्याच नाकपुड्या.

जवळच्या शेंगदाणेवाल्याला तिची कीव आली. "मासीमा, सकाळी कुठला येतोय तो? भरदुपारी पाला टाकतात, तेव्हा निघतो बाहेर."

भरदुपारी आमची गवतावर पंगत बसायची. लुची, आलूदम, उकडलेली अंडी, खजुराच्या गुळाची संदेश मिठाई. वाढणार पिशी, आणि सगळ्यांची पोटं भरली की मग जेवणार पिशी. इतकी वर्षं तो तिकडे बाहेर येत होता आणि ही इकडे आम्हाला "अजून एक घे" म्हणत होती.

दुपारी चादर अंथरली. बाबांनी माकडटोपी सारखी करत ताट पुढे केलं. पिशीने पातेल्याचं झाकण काढलं, पळी आत ठेवली आणि गुडघ्यांवर हात देत उठली.

"दादा, आज तुमचं तुम्ही वाढून घ्या."

"आणि तू कुठे निघालीस?"

"दगड बघायला."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती निघाली. कुंपणापाशी पोचलो तर काय, तो काठावर उभा! ओला, गुलाबी-करडा, अवाढव्य, ओठांतून पाला लोंबतोय. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश आ वासला. पिशी हसली. तोंडावर पदर न धरता, मोठ्याने, आजूबाजूची माणसं वळून बघतील अशी हसली. तिला तशी हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला तिचा भयंकर अभिमान वाटला.

मागून बाबा धापा टाकत आले. हातात तिच्यासाठी ताट. समोरचा जबडा बघून ते जागीच थबकले.

"बघ तुझा दगड," पिशी म्हणाली. ताट घेऊन तिने तिथेच उभ्याने पहिला घास घेतला. घरातलं अजून कुणीच जेवलं नव्हतं.

"आलूदम सगळा संदेशावर सांडलाय, दादा."

"मग? जन्मात पहिल्यांदा वाढतोय मी."

"बरं," पिशी खाता खाता म्हणाली, "पुढच्या थंडीत नीट वाढ."