मंगळवारचं घर

माधवकाका सेल्फ-मेड नव्हते.

आज सकाळी ते गेले. म्हणून आजच सांगतो.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातले हे काका नात्याने माझे कोणी नव्हते. दुपारी त्यांच्या मुलाने, सचिनने, शोकसभेच्या बॅनरचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटोखाली मोठ्या अक्षरांत, ‘अ सेल्फ-मेड मॅन’.

मी लगेच फोन केला. म्हटलं, तेवढा शब्द काढ.

सचिन दुखावला. “दादा, पप्पा गावाकडून रिकाम्या हातानं आले. हिमायतनगरात स्वतःचं दुकान टाकलं. इंग्लिशमध्ये याला दुसरं काय म्हणतात?”

हेच म्हणतात. शब्द चांगला आहे, कौतुकाचा आहे. ज्याच्यामागे कोणी नव्हतं, त्याच्यासाठी आहे.

काकांमागे सहा घरं होती.

शिकायला या शहरात आले तेव्हा ते वार लावून जेवायचे. आठवड्याचा एकेक वार एकेका घरी. शनिवारी एका तेलुगू अम्मांकडे पप्पू-भात, म्हणजे आपला वरण-भातच. शुक्रवारी कोठीतल्या एका शिंप्याकडे. तिथली आजी म्हणायची, “खाना खाके जाव बेटा, पढाई कहाँ भागरी?”

मंगळवारचं घर मात्र मिळालंच नाही.

त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचे. लोकांना वाटायचं, पोरगा गणपतीचा उपास करतो.

एकदा मंडळाच्या सत्कारात कोणीतरी त्यांना सेल्फ-मेड म्हटलं. काका माईकवर म्हणाले, “मी सेल्फ-मेड फक्त मंगळवारचा. आपल्यात स्वयंभू म्हणतात ते महादेवाच्या पिंडीला. माणसाला जेवायला लागतं.”

सभागृह हसलं. काका नाही हसले.

मी खेड्यातली शाळा संपवून या शहरात आलो, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं.

“मंगळवारी कुठे जेवतोस?”

उत्तराची वाट न बघता काकूंना पान वाढायला सांगितलं. नोकरी लागेपर्यंत माझे मंगळवार त्याच घरी झाले.

हे सगळं सचिनला सांगितलं. 

तो म्हणाला, “म्हणून मंगळवारी आमच्याकडे कोणी ना कोणी जेवायला असायचंच?”

थोड्या वेळाने मजकूर बदलून आला. आता फोटोखाली नुसतं नाव आहे. तेवढं पुरे.

आज मंगळवारच आहे.

त्या घरात आज चूल पेटणार नाही. पिठलं-भात आमच्या घरून घेऊन निघालोय.

काका, तुमचा वार चुकणार नाही.

साष्टांग नमस्कार.