दुर्गाबाईंनी दिलेले चार

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्या माणसाला वाटेत काकासाहेब भेटले नाहीत, असं सहसा होत नाही. त्यांच्या मोसंबीच्या बागेचा बांध रस्त्याला लागूनच आहे. बांधावर लिंबाचं झाड, झाडाखाली काकासाहेब, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक ठरलेली, "आवं पाव्हणं, पानी तर प्या!" पाणी पिऊन होईस्तोवर एक किस्सा होतो. दुसरा सुरू झाला की समजून चालायचं, दुपारची आरती चुकली.

हसणं तर असं, की एकदा एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना मागचं काहीतरी आठवलं. ते जे हसत सुटले, त्यानं भटजींचा सूर मोडला, नवरदेव हसायला लागला आणि अक्षता भलत्याच ओळीला पडल्या. नवरीच्या मामानं डोळे वटारले. मग जेवताना काकासाहेबांनी त्या मामालाच शेजारी ओढून बसवलं आणि इतकं हसवलं, की मामाच्या नाकातून मठ्ठा आला.

त्यांचं स्वतःचं लग्न तर अख्ख्या गावाला पाठ आहे. सासुरवाडी तीर्थपुरीची. वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि ट्रॉली ओढ्यात फसली. नवरदेव बाशिंगासकट खाली उतरला आणि सगळ्यांच्या पुढं होऊन ढकलायला लागला. मांडवात पोचला तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. अंतरपाट धरला, तर पलीकडच्या दुर्गाबाईंना नवऱ्याचं तोंड दिसायच्या आधी पाय दिसले, आणि त्या खुदकन हसल्या. "बस्स, तवाच मी वळखलं," काकासाहेब सांगतात, "ही आपल्या घरात खूश राहनार." हा किस्सा सांगताना त्यांची छाती अशी काही फुगते, की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी. माणसाला कशाची ना कशाची मिजास असते. काकासाहेबांना एवढीच, की आपलं घर हसरं आहे आणि आपली बायको सुखात आहे.

तर झालं असं. सकाळी हरिओमच्या हॉटेलात, म्हणजे पत्र्याच्या शेडात चार बाकडी आहेत तिथं, अण्णासाहेब मोबाईलवर बातमी वाचत होते.

"आनंदात आपला देश शंभराच्या बी पलीकडं गेलाय म्हनं. पहिला नंबर फिनलंडचा."

"कुनी मोजलं?" काकासाहेबांचा कप तसाच हातात राहिला.

"मानसांना इचारतात की."

"मला कुनी इचारलं? मला इचारलं असतं तर नंबर वर गेला नसता?"

"काका," हरिओम गाळणी आपटत म्हणाला, "तुम्हाला इचारायला आले तर त्यांचं परतीचं इमान चुकंल. ते घरी पोचायच्या आत दुसरं साल लागंल."

सगळे हसले, काकासाहेब सगळ्यात जास्त. पण त्या नंबराचं बोलणं त्यांना लागलं होतं. घरी येतात तो ओट्यावर एक पोरगी बसलेली. नाव पायल, जालन्यातल्या मस्तगडची, तिथल्याच एका कॉलेजात शिकणारी. कॉलेजच्या अभ्यासासाठी गावोगाव असाच प्रश्न विचारत फिरत होती. तिनं बिचारीनं दोनदा सांगितलं, की हे फक्त आमच्या कॉलेजपुरतं आहे. पण काकासाहेबांनी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं, की ही थेट फिनलंडच्या बाजूनं आलेली आहे.

"काका, एक शिडी आहे असं समजा," पायल म्हणाली. "सगळ्यात खाली शून्य, म्हणजे तुमच्या दृष्टीनं वाईटात वाईट आयुष्य. सगळ्यात वर दहा, म्हणजे चांगल्यात चांगलं. आज तुम्ही कुठं उभे आहात?"

"दहा! वर अजून जागा असंल तर अकरा लिव्ह."

"अकरा नाही हो."

"मंग दहावरच बसतो. पाय खाली सोडून."

आता मावशींना, म्हणजे दुर्गाबाईंना, विचारायचं, पण एकटीला, असा त्या अभ्यासाचा नियम. पायल आत चुलीपाशी गेली आणि काकासाहेबांना ओट्यावरच थांबावं लागलं. थांबले ते बरोबर खिडकीखाली थांबले. कान द्यायचा नव्हता, असं ते अजूनही सांगतात. पायलनं शिडी सांगितली. भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आणि दुर्गाबाई म्हणाल्या, "लिव्ह बाई, चार."

काकासाहेबांना वाटलं, ओटाच हलला.

चार! म्हणजे निम्म्याच्या बी खाली! एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि ही बाई खाली चौथ्या पायरीवर उभी, आणि आपण वर पाय सोडून बसलेलो! पायल "येते काका" म्हणून पुढच्या घराकडे गेली, तिला निरोप द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या दिवशी जेवताना एकही किस्सा झाला नाही. जेवून उठले आणि स्वतःचं ताट स्वतः घासायला बसले. सून वंदना, अंगदची बायको, बघतच राहिली.

"मामंजी, ठेवा ते. राखेनं न्हाई घासत आता, साबन हाय."

"असू दे, असू दे. मानसानं घरात हात लावावा."

दुर्गाबाईंनी पदराला हात पुसून नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. थोड्या वेळानं काकासाहेब फटफटी काढून राजूरला गेले आणि पेढे, हिरव्या बांगड्या, मोगऱ्याचा गजरा अशी सगळी पिशवी घेऊन आले. बांगड्या दोन माप लहान निघाल्या. दुर्गाबाईंनी गजरा हातात धरून ठेवला, केसात घातला नाही.

"काय केलंय तुम्ही?"

"मी? काय केलं?"

"कुनाला काय बोलून बसलात का? कुनाच्या पोराला नौकरी लावून देतो म्हनलात का?"

"न्हाई गं. मी काय म्हनतो, तुला तीर्थपुरीला सोडून येऊ का? माहेरी ऱ्हा चार दिवस."

इथं मात्र दुर्गाबाईंनी गजरा खाली ठेवला. तीर्थपुरीला जायचं नाव काढलं की ह्या माणसाला मोसंबीला पाणी द्यायचं आठवायचं, फवारणी आठवायची, ते काही नसलं तर गुडघा दुखायचा. आणि आज आपणहून!

"आवं, खरं सांगा. दवाखान्यात जाऊन आलात का? डॉक्टरनं काय सांगितलं?"

तेव्हा काकासाहेबांना राहवलं नाही. लहान पोरासारखा चेहरा करून ते म्हणाले, "अंगदच्या माय, तू चारच का दिले? माझं काय चुकलं ते तरी सांग. घोरतो म्हनून का?"

दुर्गाबाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन हसल्या, पदर सोडून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राहिल्या. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"दहा म्हनायचं का मंग? अनोळखी मानसापुढं? भरल्या घरात? तुमच्या बागेतल्या त्या कोपऱ्यातल्या झाडाला फाटका जोडा का बांधून ठेवलाय तुम्ही?"

"दृष्ट लागू नये म्हनून. सगळ्यात जास्ती फळ त्यालाच हाय."

"मंग? झाडाचं कळतं आन घराचं कळत न्हाई? म्हशीनं बादलीभर दूध दिलं तरी आपन तांब्याभरच सांगतो. लेकरू गुटगुटीत असलं की सुकलंय म्हनतो. आन बाग वाळली त्या साली माझा भाऊ आल्ता, आठवतं का? वाळलेली झाडं तोडायच्या कुऱ्हाडीचा आवाज येत होता मागून. त्यानं इचारलं कसं चाललंय, तर मी काय म्हनले?"

"मजेत हाय म्हनलीस."

"तवा कुनी शिडी आनली असती तर मी नऊ सांगितले असते. वाईट झाकायचं असतं, चांगलं बी झाकायचं असतं."

काकासाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं, पण मधेच त्यांना काहीतरी टोचलं. "पर चार का? नेहमी कुनी इचारलं तर तू बरंय म्हनतेस. पाच-सहा तरी द्यायचे."

"औंदा जास्त झाकायचंय." दुर्गाबाई त्यांच्या कानाशी आल्या. "वंदनाला दिवस गेलेत. तिसरा लागू दे, मंग सांगायचं म्हनत होते. अंगदला ठाऊक हाय. तुम्हालाच सांगितलं न्हाई. तुमच्या पोटात काय ऱ्हातंय? चतुर्थीला बांधावरून अख्ख्या राजूरला पान्यासंगं पाजलं असतं."

लग्नाला आठ वर्षं झाली होती अंगद-वंदनाच्या. ह्या घरात त्यावर कोणी बोलत नसे, काकासाहेबसुद्धा. आता त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून आवाजच निघाला नाही. दुर्गाबाईंनी हे उभ्या जन्मात पहिल्यांदा बघितलं. मग ते उठले, सुनेच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून उगाचच हात जोडले, आणि एकदम कपाळाला हात मारला.

"मेलो! मी दहा म्हनलो गं!"

"काय?"

"त्या पोरीला! वर बसतो म्हनलो, पाय सोडून! ती पाठवून राह्यली सगळं फिनलंडला! तिथली मानसं पहिला नंबर धरून बसल्यात, त्यांची नजर लागली तर?"

आणि चपला न घालताच ते धावले. पायल गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चांगुणाबाईंच्या अंगणात सापडली.

"पोरी, माझे दहा काढ. जल्दी काढ! तीन लिव्ह."

"काका, काय झालं? सकाळी तर..."

"सकाळचं सोड. तीन लिव्ह. दोन लिव्ह."

पायल घाबरलीच. "घरात काही वाईट झालंय का? दुपारभरात एवढे खाली आलात?"

"खाली न्हाई गं, अकराच्या बी वर गेलोय! म्हनूनच तर म्हनतो, दोन लिव्ह!"

पायलनं मोबाईल खाली ठेवला. सकाळपासून तिला ह्या गावाचं कोडं पडलं होतं. माणसं चहा पाजत होती, थट्टा करत होती, आणि शिडीवर काकासाहेब सोडले तर कोणी पाचाच्या वर चढायला तयार नव्हतं. फक्त चांगुणाबाई, ज्यांच्या घरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं, त्यांनी हसून नऊ सांगितले होते आणि तिला लवकर उठू दिलं नव्हतं.

"काका, एकदा पाठवलं की बदलता येत नाही. दहाच राहणार."

चांगुणाबाईंनी विचारलं, "कावं भाऊजी, एवढं काय झालं?"

काकासाहेबांच्या ओठांपर्यंत आलं. पार दातांपर्यंत आलं. त्यांनी दोन्ही ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले, आणि मान हलवली. "चला, दोघी बी घरी चला. पेढे हायेत. कशाचे ते इचारू नका."

घरी येतात तो दुर्गाबाईंनी पाट मांडलेला. मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या. "बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. ओट्यावर दोन बाया बघत असताना तो दांडगा माणूस मुकाट पाटावर बसला. दुर्गाबाईंनी मूठ तीनदा ओवाळली आणि चुलीत टाकली.

"आता काय होणार?" पायलनं हळूच विचारलं.

"दृष्ट लागली असंल तर वास येत न्हाई," चांगुणाबाई कुजबुजल्या. "ठसका आला की समजायचं, काही लागलेलं न्हाई."

चुलीत मिरच्या तडतडल्या. काकासाहेब डोळे मिटून बसलेले, श्वास रोखून. थोडा वेळ काहीच झालं नाही. दुर्गाबाईंचा चेहरा उतरत चालला. मग आतल्या खोलीतून वंदनाचा एक बारीक ठसका आला. लगेच चांगुणाबाईंना आला, पायलला आला, आणि मग घरात जो खोकला उठला, तो शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहाव्यात असा. वंदना पदरानं नाक धरून अंगणात पळाली, मागून पायल तिला वारा घालत. दुर्गाबाई दाराला टेकून डोळे पुसत होत्या, खोकत होत्या आणि हसत होत्या. काकासाहेब पाटावरून उठायचं विसरून, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत ओरडत होते, "या की, अजून कुनाला खोकायचं असंल तर या! पेढे भरपूर आनलेत!"