उभ्या उभ्या गणित

माझी नणंद जन्माला आल्यापासून एकदाही धड बसलेली नाही, असं मी म्हटलं तर खुद्द माझ्या सासूबाईसुद्धा हरकत घेणार नाहीत. "हाई पोर पोटमा व्हती तधळबी तिले घाईच व्हती," असं त्या येईल त्या पाहुण्याला ऐकवतात. रनाळ्याच्या आमच्या घरात चार खुर्च्या, एक बाज आणि एक झोपाळा आहे, पण तिने त्यांचा उपयोग केला तो फक्त चप्पल घालताना पाय टेकवण्यापुरता. जेवण उभ्याने, चहा उभ्याने, केस विंचरणं तर चालता चालता. त्यामुळे कंगवा घरात कुठेही सापडतो, एकदा तर तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडला. दूध तापत ठेवलं की ती दहादा झाकण उचलून बघते, शेवटी कंटाळून निघून जाते आणि मग ते उतू जातं. मिरचीच्या दिवसांत आम्ही बायका अंगणात देठ खुडत बसतो. ही आपली सुपात मिरच्या घेऊन आमच्याभोवती फिरत खुडते आणि सगळ्या अंगणाला शिंका लावते. एका लग्नात मी तिला हाताला धरून पंगतीत बसवलं, तर वरण यायच्या आत ती उठली आणि वाढप्याच्या हातातली बादली घेऊन स्वतःच वाढायला लागली. "मी बठनू का मन्हं डोकंबी बठी जास," असं तिचं म्हणणं.

अशा बाईने शिकवावं काय, तर गणित, ज्याला म्हणे बैठक लागते. बीएस्सी, बीएड होऊन ती आमच्या ओसरीवर दहावीच्या पोरांचा क्लास घ्यायची. फळा ओसरीवर, पोरं ओसरीवर, आणि बाई मात्र कधी मोरीपाशी, कधी गोठ्यात, कधी शेजारच्यांच्या दारात; तिथूनच ओरडून पुढची पायरी सांगायची. तिचं खरं वैर होतं अपूर्णांकांशी. समीकरणात छेद दिसला की पायात काटा रुतल्यासारखी तिची अवस्था व्हायची. "पहिले छेद काढा, मंग दुसरं." सगळ्या छेदांचा लसावि काढायचा, त्याने दोन्ही बाजूंचं प्रत्येक पद गुणायचं, की छेद आपोआप जातात आणि साधं सरळ समीकरण उरतं, हे ती इतक्या समाधानाने सांगायची की जणू घरातली अडगळच काढली. हाच न्याय तिने स्वयंपाकघरातही लावला होता. कुणी "मला अर्धीच भाकरी" म्हटलं की अर्ध्याची ती पुरती एक करायची, आणि एकाला दुप्पट केलं तर सगळ्यांनाच केलं पाहिजे म्हणून प्रत्येकाच्या ताटात आणखी भाकऱ्या पडायच्या. आमच्या घरातले पुरुष तेव्हापासून अर्धी भाकरी मागत नाहीत.

या तिच्या तडाख्यात मी सापडले ते आशाताईच्या, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीच्या, जागेमुळे. गावातली जागा रिकामी होणार होती, तिला दहावी पास लागत होतं, आणि मी माहेरी असताना गणितात नापास होऊन थेट बोहल्यावर चढलेली. मला ते काम मनापासून हवं होतं. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की मी न बोलावता जातेच, तर बोलावणं असताना का जाऊ नये, असं मला वाटायचं. हे मी नणंदेपाशी एकदाच बोलले. दुसऱ्या दिवशी बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून झाला होता आणि चुलीपाशी फळा टेकवलेला होता.

ती मला शिकवायची म्हणजे मी भाकरी थापायची आणि तिने माझ्याभोवती फेऱ्या घालायच्या. "एक्स छेद दोन अधिक सात बरोबर एक्स छेद तीन अधिक नऊ," असं दारातून फेकायची, आणि मी पिठाच्या हाताने फळ्यावर लसावि लिहायची, सहा. दोन्ही एक्सना सहाने गुणून त्यांचे छेद घालवायचे. इथवर मी शहाणी होते. पण सात आणि नऊ यांना मी हातच लावायची नाही. ते कसे चांगले अख्खे, धडधाकट दिसतात, त्यांना कशाला त्रास द्यायचा? मग एक्स दोन यायचा आणि नणंद कपाळावर हात मारायची. "वहिनी, सातना काय गुन्हा शे? तेले काबर सोडी दिन्हं? खाले काही नही म्हणीसन का तो आपला नही?" उत्तर बारा होतं. भाकरी करपायची. सासूबाई म्हणायच्या, "पोरी, तिले शिकाड नहीतं भाकर करू दे, एक काय ते कर."

मार्चमध्ये मी सगळ्या विषयांत सुटले आणि गणितात राहिले. मी रडले ते रडलेच, पण खरी पंचाईत वेगळीच होती. सातपुड्यात, काठी गावाच्या अलीकडच्या एका आश्रमशाळेत नणंदेला नोकरी लागली होती. इतकी वर्षं वाट पाहून लागलेली नोकरी, जूनला हजर व्हायचं, आणि ही म्हणे, "वहिनीनं गणित सुटू दे, मंग जासू." नवऱ्याने समजावलं, सासूबाई रागावल्या, मी पाया पडायची बाकी राहिले. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांनीच माझ्या पुरवणी पेपरापर्यंत थांबायची सवलत दिली, त्यापुढे एक दिवस नाही. म्हणजे मी पुन्हा नापास झाले तर माझी जागा जाणार, आणि ही बया तिचीही घालवणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तेवढे दिवस ती इतकी फिरली की ओसरीवरचं सारवण निघालं.

पेपरच्या दिवशी आम्ही दोघी तिची पिशवी घेऊनच नंदुरबारला गेलो. पेपर सुटला तेव्हा ती शाळेच्या फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत होती, आणि तिथल्या रसवंतीवाल्याने मला विचारलं, "बाई तुमच्या का?" आम्ही पळतच स्टँड गाठलं. अक्कलकुव्याची बस लागलेली होती. बसच्या दारात तिने विचारलं, "समीकरण काय व्हतं?"

मी सांगितलं. एक्स छेद दोन वजा चार बरोबर एक्स छेद पाच अधिक दोन. ती बसपासून माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून बसपर्यंत चालली, तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "दोन."

"माले तं वीस उनं," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा उतरला की मला पाहवेना. कंडक्टरने घंटी दिली. ती चढली, जागा रिकाम्या असूनही दांडा धरून उभी राहिली, आणि बस गेली.

मी रनाळ्याच्या बसची वाट बघत बाकावर बसले आणि तिनेच शिकवल्याप्रमाणे ताळा करून पाहिला. विसाचे अर्धे दहा, त्यातून चार गेले, सहा. विसाचा पाचवा भाग चार, त्यात दोन मिळवले, सहा. दोन्ही बाजू सारख्या. मग तिचे दोन घालून पाहिले तर काहीच जुळेना. तिने एक्सना दहाने गुणलं होतं आणि चार आणि दोन तसेच सोडले होते. तिने, जिने मला त्यापायी वर्षभर छळलं होतं! मी फोनवर फोन केले. पण तिचा फोन कायम पिशवीच्या तळाशी असतो, आणि अक्कलकुव्याच्या पुढे तर रेंजच नाही. मला तिची खात्री होती. ही बाई आता वहिनी नापास म्हणून नोकरी टाकून परत येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढायचा सोडून रस्त्याकडे बघत उभी होते.

तेवढ्यात फोन वाजला. ती कुठल्याशा टेकडीवर चढली होती आणि धापा टाकत होती.

"वहिनी, मी चारले सोडी दिन्हं व्हतं."

"दोनलेबी," मी म्हणाले.

"हा, दोनलेबी. मी सकायले परत येवालेच निंघनू व्हतू. पिशवीबी भरेल शे. फाटावर एस्टीनी वाट देखता देखता परत मांडी देखं." मग ती म्हणाली, "अशी चूक मन्हाकडथीन कधी व्हयनी नही. काल मन्हं ध्यान गणितमा नव्हतंच, तुन्हा तोंडकडे व्हतं."

"ताई, आते पिशवी मोकळी करा," एवढंच मी म्हणाले.

निकाल लागला, मी पास झाले, आणि पुढे जागाही मिळाली. नणंद त्या टेकडीवर चढली की फोन करते, उभ्याने दोन वाक्यं बोलते, वर्गातल्या पोरी आता छेद कशा सपासप काढतात ते सांगते आणि ठेवते. त्या पोरींचा मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू! घरात आता दूध वेळेवर खाली उतरतं आणि ओसरीवरचं सारवण महिनोन्‌महिने टिकतं. निकालाच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात पेढा ठेवला, सगळं घर हसत होतं, आणि माझ्या मनात आलं, की नापास झाले असते तर ती परत आली असती. मी पेढा खाल्ला. हे अजून मी कुणाला सांगितलेलं नाही.