लेकीची अक्कलदाढ

"सिगारेट-बिगारेट काही नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं आणि स्वतःच हसले. आमच्या मुलीला ते बारशापासून ओळखतात. ती खुर्चीत आडवी पडून म्हणाली, "काय काका तुम्ही पण!" मी तिची पर्स धरून मागे उभी होते. ती जे ओढायची ते पर्समध्येच होतं आणि मला ते माहीत होतं. पर्सची चेन नीट लागलीय का ते मी बोटानं चाचपलं.

जबलपुरात आम्हा मराठी लोकांची एक सवय आहे. दुखणं कोणतंही असो, आपल्या माणसाकडे जायचं. कांचघरमध्ये आमच्या घराजवळच दातांचे दवाखाने आहेत, तरी आम्ही ई-रिक्षा बदलत बदलत गढ्याला जातो, कारण तिथले डॉक्टर मराठी. माझी शाळा सौंसरकडच्या खेड्यात चौथीपर्यंत झाली. हिंदी समजते, पण परक्या माणसासमोर बोलताना जीभ अडखळते. या डॉक्टरांना कुठं दुखतं ते आपल्या भाषेत सांगता येतं. पण आपल्या माणसाला सगळं सांगता येत नाही. त्यांचं घर दवाखान्याच्या मागेच आहे. त्यांची बायको आमच्याकडे हळदीकुंकवाला येते, आणि मुलीसाठी नागपूरचं स्थळही तिनंच आणलं होतं. ते लोक पाहायला येणारच होते. मुलगी असं काही ओढते हे त्या घरात कळलं असतं, तर नागपूरला कळायला काय वेळ लागणार होता?

मी ते गच्चीवर पाहिलं होतं. वाळलेले कपडे काढायला गेले तर मुलगी पाण्याच्या टाकीमागे उभी. हातात पेनासारखी नळी, तोंडातून पांढरा धूर. वास मात्र पिकलेल्या आंब्याचा. तोच वास बाथरूममध्ये यायचा तेव्हा मला वाटायचं, बँकेत नोकरी लागली, आता भारीतला शाम्पू आणत असेल. तिनं मला पाहिलं नाही. मी हातातले कपडे तारेवरच टाकून खाली आले. तिच्या वडिलांना सांगितलं नाही. फॅक्टरीतून ते दमून येतात, आणि एकदा रागावले की आठवडाभर घरात कोणी मोकळं बोलत नाही.

दाढ काढल्यावर डॉक्टरांनी समजावलं होतं. तिथं रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीनं काही ओढून प्यायचं नाही. गुठळी निघाली तर आतलं हाड उघडं पडतं. मी प्रत्येक शब्द ध्यानात ठेवला. त्याच संध्याकाळी बाथरूमच्या दाराखालून आंब्याचा वास आला. मी खिचडीची ताटली घेऊन दाराशी उभी. मला म्हणायचं होतं, अगं, गुठळी निघेल. तोंडातून निघालं, "खिचडी थंडी होऊन राहिली."

"आली ना आई, दो मिनट!"

आधी बरं वाटलं, मग दुखणं उलटून आलं. कानापर्यंत कळा. तोंडाला वास. गोळीचा असर उतरला की ती उशीत तोंड घालून पडायची. तिचे वडील माझ्यावरच चिडले. "तूच मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. डॉक्टर नाही म्हटले होते ना?" मी पाणी दुसऱ्या दिवशी दिलं होतं, कोमट, आणि नुसतं तोंडात धरून हळूच सोडायला सांगितलं होतं. मुलगी ऐकत होती. तिनं मान वर केली नाही. मी इतकी घाबरले होते की माझंच काही चुकलं का, असंही वाटायला लागलं.

पुन्हा गढ्याला गेलो. डॉक्टरांनी आत पाहिलं. "ड्राय सॉकेट झालंय. गुठळी गेली. पण काहून गेली? स्ट्रॉनं काही प्यायलीस? गुळण्या?"

मुलगी म्हणाली, "आईने नमक का पानी दिया था, काका."

मला ते फार लागलं. पण डॉक्टर खाच धुवायला लागले तेव्हा तिनं माझाच हात घट्ट पकडला. त्यांनी लवंगेच्या वासाची औषधाची पट्टी भरली. म्हणाले, "वहिनी, कारण कळलं नाही तर ही पट्टीही काही कामाची नाही. पुन्हा तेच होईल."

मागच्या घरात त्यांची बायको कुणाला तरी चहाचं विचारत होती. तिचा आवाज इथं येत होता, म्हणजे माझाही तिथं जाणार. माझ्या हातात मुलीचा हात होता, घामानं ओला. मी म्हणाले, "गुळण्या नाही, डॉक्टरसाहेब. ती ओढते. ते नळीवालं."

मुलीनं हात सोडवून घेतला.

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि तिला विचारलं, "व्हेप?"

"काका, त्यात तंबाखू नसतो."

"निकोटिन तर असतं ना? त्यानं जखमेला रक्त कमी पोचतं. वरून ओढताना तोंडात जी खेच बसते, त्यानं गुठळी उपटून येते. आता जखम भरल्याशिवाय ते तोंडाला लावायचं नाही. माझं ऐकशील तर नंतरही नाही." इतकंच बोलून ते हात धुवायला गेले. तुमच्या घरात सांगू नका, असं मी म्हणू शकले असते. इतकं बोलण्यातच माझं बळ संपलं होतं.

रिक्षात ती तोंड फिरवून बसली. मग म्हणाली, "काकांसमोरच बोलायचं होतं?"

"मग कुठं बोलायचं होतं?"

"मुझसे बोलती ना. गच्चीवरच बोलती."

म्हणजे मी गच्चीवर आले होते ते तिला कळलं होतं. तारेवर टाकलेले कपडे पाहून ओळखलं असेल. इतके दिवस ती माझ्या बोलण्याची वाट पाहत होती की भीत होती, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर तिनं ती नळी माझ्या हातात दिली. "ठेव. मी मागीन, तरी देऊ नको." मी ती तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवली. त्या डब्यात माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

आणि तिनं मागितली. आधी गोडीनं, मग चिडून. "एकदाच, आई. हळू ओढीन ना."

"नाही."

"काहून इतकी जिद्द करून राहिली? माझं तोंड आहे!"

"तुझंच आहे. नाही."

ती पाय आपटत गेली. मी गॅसवरची कढई उतरवली. या घरात याआधी मी कुणाला असं तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं.

पट्टी बदलायला जात राहिलो. कळा कमी झाल्या. एक दिवस तिनं स्वतःच खिडकीशी येऊन आ केला. "बघ ना, भरून राहिलं का?" खाचेत गुलाबी मांस धरलं होतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. "बस, आई, जबडा दुखतो," म्हणून तिनं तोंड मिटलं, पण ती हसत होती.

डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला. तब्येत विचारली, सूज विचारली, मग म्हणाली, नागपूरवाल्यांना अजून तारीख कळवली नाही, मुलीला पूर्ण बरं वाटू दे. तिच्या बोलण्यात मी खूप शोधलं. तिला ठाऊक आहे की नाही, काहीच हाती लागलं नाही. मुलगी समोर बसून माझा चेहरा पाहत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ते लोक आले तर मुलाला मीच सांगीन. तू टेन्शन नको घेऊ." मी घ्यायचं ते घेतेच आहे.

दाढ आता दुखत नाही. नळी कुठं आहे ते तिला माहीत आहे, मीच सांगितलं. म्हणाले, पाहिजे तर आता स्वतः काढून घे, मी पहारा देणार नाही. रोज तांदूळ काढताना माझा हात आधी डब्याच्या तळाशी जातो. आज सकाळपर्यंत तरी नळी तिथंच होती.