शाई वाळेपर्यंत

पुराणाला माणसं पुण्य मिळवायला येतात. मी बारा वर्षं शनिवार पेठेतल्या मारुतीच्या देवळात बसलो आणि गोळा केले ते किस्से! सांगायला बसलो की एकाच्या मागून दुसरा निघतोच.

मी पोथ्या नकलून देणारा, बापू. वाचायचे गणंभट पुराणिक. समोर नागेशशास्त्री, चुका काढायला. गणंभटांनी एकदा द्रौपदीच्या थाळीचं असं वर्णन केलं, की श्रोत्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

शास्त्री कडाडले, "मुळात भाजीचं एक पान आहे. ही कढी कुठून आली?"

"ऋषी दमून आले होते हो! नुसतं पान कसं वाढायचं?"

*

शास्त्र्यांचा एक नियम होता. मधलं पान सोडून पुढं वाचायचं नाही. पोथीची पानं सुटी. एकदा वाऱ्यानं एक उडालं. झालं! चार दिवस पुराण बंद. पान शेवटी सापडलं ते शेजारच्या गोठ्यात, तेही कडेनं म्हशीनं चाखलेलं.

"म्हशीला तरी गोडी कळली," शास्त्री माझ्याकडे बघत म्हणाले.

*

कागद पुरवणारे इमामभाई बाहेर पायरीवर बसून ऐकायचे. शास्त्र्यांनी एकदा छेडलं, "काय कळतं हो तुम्हांला यातलं?"

"आमची किताब लहानपणी अर्थ न कळताच पाठ केली, शास्त्रीबुवा. अर्थ मागाहून येतो, एकेक. वडील गेले तेव्हा एक आला."

शास्त्र्यांनी आपली बैठक जरा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "आत येऊन बसा. पायरी तापलीय." इमामभाई हसले, पण बसले पायरीवरच.

*

सखूकाकू मात्र पुराण ऐकायच्या ते घरची खबर ऐकावी तसं. त्यांचा एकुलता एक रघू फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेत गेलेला. माघापासून पत्र नव्हतं.

भीष्म शरपंजरी पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू छोटीशी उशी घेऊन आल्या आणि पोथीपुढं ठेवली.

शास्त्री म्हणाले, "अहो, अर्जुनानं दिली ना बाणांची उशी!"

"पुरुषांना काय कळतंय उशीतलं!"

उशी तिथंच राहिली.

*

आणि मग आलं द्रोणपर्व. जुनी पोथी कसरीनं खाल्लेली, म्हणून मी एकेक पान नकलून देत होतो आणि गणंभट वाचत होते. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला. त्या दिवशी पुराण सुटल्यावर काकूंनी मला खांबाआड गाठलं.

"बापू, स्वारी परतायला महिनाभर आहे म्हणतात. माझा रघू घरी येईपर्यंत त्या पोराला मारू नका रे."

दुसऱ्या दिवशी गणंभटांनी पुढच्या पानासाठी हात केला. पान माझ्या मांडीवरच होतं.

"शाई वाळली नाही अजून," मी म्हणालो.

वैशाखाचं ऊन! बाहेर घातलेले पापड तासाभरात कडक होत होते!

पायरीवरून इमामभाई म्हणाले, "दोष माझा. कागद जाड निघालाय, शाई धरून ठेवतो."

गणंभटांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मागचं वनपर्व काढलं. पुन्हा थाळी, पुन्हा कढी. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी शास्त्री उठले. सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"बघू ते पान."

मी पान पुढं केलं. काकूंनी उशीचं टोक मुठीत धरलं होतं. शास्त्र्यांनी ओळीवर बोट ठेवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश फिरवलं. मग ते बोट आपल्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याला नीट पुसलं.

"ओली आहे," ते म्हणाले. "आणि मधलं पान सोडून पुढं जायचं नाही. गणंभट, वाढा कढी!"