मोटारीचा सालदार

माझ्या वडिलांनी मला एका विड्यावर देऊन टाकलं, आणि वर 'कात जरा जास्त झालाय' अशी तक्रारही केली.

आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याला हेडमास्तर होते आणि नुकतेच पेन्शनीत निघाले होते. आमच्या घरात वीतभर शेत नाही. त्यामुळे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतात. या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत माणसाने एका मालकाकडे राबायचं, बदल्यात धान्य, घोंगडी आणि जोडे. बोलणं झालं की घरचा वडीलधारा मालकाच्या हातचा विडा खातो. विडा खाल्ला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरत नाही.

आमचे मालक म्हणजे नाना. एका वर्षी कापूस चांगला विकला गेला, तेव्हा त्यांनी नवी बैलजोडी घ्यायची सोडून धुळे-चाळीसगाव रस्त्यावर सर्व्हिस मोटार घातली. स्वतःच हाकायचे. हाकायचे म्हणतो, कारण चालवणं त्यांना मंजूरच नव्हतं. पोळ्याला तिच्या बॉनेटवर झूल पडायची, पुढे पुरणपोळी धरली जायची, आणि त्या दिवशी मोटार जागची हलायची नाही. पाहुणे खोळंबोत, बाळंतीण खोळंबो, बैलाला सुटी तर मोटारीला का नाही?

इंटर सायन्सची परीक्षा देऊन मी रिकामा बसलो होतो, आणि या मोटारीच्या नादी लागलो. अहो, नादी म्हणजे कसा? जेवताना हात धुवायचा विसर पडायचा. व्हॉल्व्ह घासले, इंजिनाचं हेड घासून घासून पातळ केलं, सायलेन्सर काढून फेकला. मग ती जी पळायला लागली! प्रवाशांच्या टोप्या मागच्या मागे उडायच्या आणि दुसऱ्या पार्टीची मोटार मागे धुळीत खोकत राहायची. नाना मडगार्डवर थाप मारून म्हणायचे, "वा रे मना राजा!" 'माझा राजा' हे मला की मोटारीला, ते कधी कळलं नाही. पण मला त्याहून मोठी पदवी नको होती. खरंच नको होती.

आबांना ती हवी होती. पुण्याला जाऊन इंजिनिअरिंगची डिग्री. मोटारीखाली लोळणं म्हणजे त्यांच्या लेखी उकिरड्यावर लोळणं.

आणि त्याच आबांना नानांनी आखाजीला आमरसाचं जेवायला बोलावलं. तिसऱ्या वाटीला नाना म्हणाले, "मास्तर, पोऱ्याले यंदा मनी मोटारवर राहू द्या." आबा म्हणाले, "राहू द्या की, सुटीच तर आहे." नानांनी विडा पुढे केला. आबांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी. तिच्यात ज्वारीची पोती, एक घोंगडी आणि माझ्या मापाचे नवे जोडे. आबांनी विचारलं, "हे काय?" नाना म्हणाले, "मास्तर, इडा खादा ना तुम्ही? आते आखाजीलोंग पोऱ्या मना शे." माय हसू दाबायला पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी जोडे घालून पाहिले, झकास बसले.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. कॉलेजचं बोलावणं आलं तेव्हाही मी बिनघोर होतो, कारण आबा शब्द मोडणार नाहीत हे गावालाही माहीत होतं. खोटं बोलणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर छड्या मारल्या होत्या. आता धड पुण्याला पाठवता येईना, धड ठेवून घेता येईना. इकडे आड, तिकडे विहीर. ते ओसरीत येरझाऱ्या घालत आणि मी आत बसून शीळ घालत असे.

मग कुणीतरी त्यांना रीतीतली एक फट दाखवली. सालदाराला अडचण आली तर घरातून बदली माणूस देता येतो.

आबा कोट चढवून, पगडी घालून नानांकडे गेले आणि म्हणाले, "बदली माणूस आणलाय."

नानांनी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कोठे शे?"

"मी."

मी तिथेच इंजिनात डोकं घालून होतो. डोकं वर आपटलं. नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "रीत ती रीत. माले चाली." मला इतका संताप आला होता की पाना फेकून मी घरी निघून आलो. माझी मोटार माझ्याच बापाने काढून घेतली होती, तीही माझ्या भल्यासाठी! भांडायचं तरी कसं?

मी पुण्याला निघालो तो आबांचा नोकरीचा पहिला दिवस. नानांच्याच मोटारीतून चाळीसगावला जाऊन मला पुढची आगगाडी धरायची होती. आबा धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काखेत छत्री अशा थाटात हजर झाले. ते तिकिटं तपासायला आत शिरले मात्र, निम्मी मोटार ताडकन उभी राहिली, कारण निम्मी मोटार त्यांची विद्यार्थी होती. टपाला डोकी आपटली. "बसा" म्हटल्याशिवाय कुणी बसेना. सामान टपावर चढवणं हे खरं आबांचं काम, पण तेही प्रवाशांनीच चढवलं आणि आबांनी खालून चुका काढल्या. हँडल मारताना पगडी पडायची, नाना स्टिअरिंगवरून ओरडायचे, "हां मास्तर, हां! आखो एक!" आणि आबा आणखी एक मारायचे. एका वाण्याला हसू फुटलं तर आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो शिरूडपर्यंत पुन्हा हसला नाही.

मेहुणबाऱ्याच्या अलीकडे मोटारीने तीन आचके दिले आणि थांबली. मी आवाजावरूनच ओळखलं आणि उडी मारली.

"जागेवर बस," आबा म्हणाले. "तू प्रवासी आहेस."

"आबा, गाडी चुकेल माझी!"

"बदली मी आहे."

नाना मध्ये पडले, "मास्तर, पोऱ्याले पाहू द्या ना." आबांनी ऐकलं नाही. त्यांनी बॉनेट उघडलं आणि फळ्यावर कुणी अचकटविचकट लिहून ठेवावं तसे ते इंजिनाकडे बघत राहिले. झाकणाला हात लावून बोटं भाजून घेतली. मग त्यांचा तोल गेला. "लाज नाही वाटत?" ते इंजिनावर कडाडले आणि छत्रीचं टोक त्याला टोचलं. "चल! हँडल!" म्हणाले, स्वतःच मारलं, आणि मोटार भुर्रकन सुरू झाली. पोरं पुन्हा उभी राहिली. नाना दोन्ही हात जोडून म्हणाले, "मास्तरनी इंजनले दम दिधा रे बाप्पा!"

मी खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

चाळीसगावला गाडी लागलेलीच होती. आबांनी मला डब्यात बसवलं. भाजलेली बोटं कोटाआड लपवली, पण कोटालाच ग्रीस लागलं होतं. नीट अभ्यास कर, पत्र टाक, असलं काहीच ते बोलले नाहीत. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि ते खिडकीबरोबर चालायला लागले.

"ऐक," ते हळूच म्हणाले. "ती सुरू कशी झाली रे?"

उभ्या जन्मात आबांनी मला हजार प्रश्न विचारले असतील, पण प्रत्येकाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. मला एकदम भडभडून आलं. मी खिडकीतून वाकून ओरडून सांगायला लागलो. आबा, वरती प्लग असतात, त्यांना एकेक तार असते, त्यातली एक सैल झाली होती, तुमची छत्री नेमकी तिला लागली, तार बसली की प्लगमध्ये काय होतं तर... आबा एका हाताने पगडी सांभाळत पळत होते आणि वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखी मान हलवत होते.

फलाट संपला तेव्हा मी ठिणगीपर्यंतच पोचलो होतो.