राणीछाप रुपयांवरची रेघ

वाशीम जिल्ह्यातल्या नोकरीत मी बरेच गुन्हे तपासले, पण राणीछाप रुपयांचं ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही.

जऊळक्याकडची एक अंगणवाडी सेविका फिर्याद घेऊन ठाण्यात आली. शेतात गुप्तधन सापडल्याची बतावणी करून एका माणसाने तिला राणीच्या काळातले चांदीचे रुपये स्वस्तात विकले होते. मुलीच्या शिक्षणाला हातभार लागेल म्हणून तिने बांगड्या मोडून ते घेतले. सराफाने पारखले, तर साधं जर्मन सिल्व्हर, चांदीचा अंशही नाही. काही महिन्यांपूर्वी शेलूबाजारचा एक दुकानदार असाच फसला होता. त्याची नाणी आमच्या मुद्देमालात होतीच.

खबऱ्याने कारंज्यातल्या एका वयस्क कारागिराचं नाव दिलं. तो दागिने घडवायचे पोलादी ठसे कोरत असे. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा त्याचा उजवा हात शेलूबाजारच्या गुन्ह्याच्या सुमारास आलेल्या लकव्याने लोंबत होता. आम्ही काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “समदं म्याच केलं, सायब. दुसरं कोनी नाई.”

लकवा येण्याच्या आदल्या आठवड्यात आपण ठसा कोरला, एका दिवसात सगळी नाणी पाडली आणि ठसा फोडून टाकला, असं त्याचं म्हणणं. सहकारी खूश झाले. मला ते पटेना. इतकी आयती कबुली बहुधा कुणालातरी झाकायला असते.

दोन्ही गुन्ह्यांतली नाणी मी खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवली. दुकानदाराच्या नाण्यांवर राणीचा केस न् केस दिसत होता, अक्षरं रेखीव होती. बाईच्या नाण्यांवर केस सपाट, अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या आणि मानेपासून हनुवटीपर्यंत एक उठलेली रेघ. ठसा चिरला की चीर नाण्यावर अशी उमटते.

नाणी त्याच्यापुढे सरकवून मी विचारलं, “एका दिवसात ठसा इतका झिजतो? आणि तुमचा हात गेल्यावर ठशावर घण कुणी मारला?”

त्याने डाव्या अंगठ्याने ती रेघ चाचपली.  मग हळूच म्हणाला, “धाकला भाऊ हाये, सायब. मायनं मरताना त्याले माह्या पदरात टाकलं व्हतं.”

पंचांसमक्ष भावाच्या घराची झडती घेतली. गोठ्यातल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात ठसा सापडला. त्याची चीर नाण्यांवरच्या रेघेशी तंतोतंत जुळली. ओळख परेडीत बाईने नाणी विकणारा म्हणून भावाला ओळखलं. बांगड्या मात्र सराफाकडे केव्हाच आटवल्या गेल्या होत्या.

निकालाच्या दिवशी कारागीर कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर एकटाच बसला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता ती शिव्या देणार, असं मला वाटलं.

“तुमी कायले सोतावर घेतलं?” तिने विचारलं.

“तो घरी राह्यला तं सुधरंन, असं वाटलं, बाई.”

ती पुकारा होईपर्यंत त्याच बाकड्यावर, त्याच्या शेजारी बसून राहिली.

भावाला मोठी शिक्षा झाली, ठसा कोरल्याबद्दल कारागिरालाही थोडी. दोन्ही रास्त होत्या. कबुली हाती आली म्हणून थांबू नका, माणूस कुणासाठी खोटं बोलतोय ते आधी बघा, असं पुढे मी प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. तपास चोख झाला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. निकालाच्या दिवशी त्या बाकड्यासमोरून बाहेर पडताना मात्र मला मान वर करून चालता आलं नाही; आईने पदरात टाकलेला भाऊ मी त्याच्याच तोंडून काढून घेतला होता.